जुन्या एलसीडीला एचडीएमआय एकच, उपकरणं पाच: स्विच, स्प्लिटर की कन्व्हर्टर?

सुदामानगरवाला

नमस्कार मंडळी. घरात ३२ इंची एलसीडी आहे, २००९ सालचा, एचडी रेडी म्हणजे १३६६ बाय ७६८. चित्र अजून स्वच्छ येतं, त्यामुळे टीव्ही बदलायचा नाही. मागे एवढंच आहे: एचडीएमआय एक, कंपोनंट एक (हिरवं-निळं-लाल, शिवाय आवाजाचं पांढरं-लाल), एव्ही एक (पिवळं-पांढरं-लाल), व्हीजीए एक आणि त्याच्या शेजारी ३.५ मिमीचा ऑडिओ इन.

जोडायचंय ते असं:
– एचडी सेट टॉप बॉक्स (एचडीएमआय आहे, शिवाय ३.५ मिमीचं एव्ही आउट)
– फायर टीव्ही स्टिक
– प्लेस्टेशन ३
– डीव्हीडी प्लेअर (एचडीएमआय, कंपोनंट, एव्ही तिन्ही)
– अधूनमधून लॅपटॉप (व्हीजीए आहे)

शिवाय आई-बाबांच्या खोलीत २१ इंची पिक्चर ट्यूबचा टीव्ही आहे. मागे एक एव्ही, बाजूला एक एव्ही, आवाज मोनो. तिथे त्यांना दुसरी स्टिक लावून द्यायची आहे आणि तिथला साधा, एसडी सेट टॉप बॉक्सही चालू राहायला हवा.

एक जण स्प्लिटर घ्या म्हणतो, दुसरा स्विच, तिसरा कन्व्हर्टर. रविवारी इंदूरच्या जेल रोडला सामान आणायला जाणार आहे. नेमकं काय आणि किती आणायचं?

मालव_तंत्री

स्प्लिटर नको. तो एका उपकरणाचं चित्र दोन टीव्हींवर पाठवतो. तुमच्याकडे उपकरणं अनेक आणि टीव्ही एक, म्हणजे स्विच हवा. दोन्ही डब्या दिसायला सारख्याच असतात, म्हणून दुकानात सॉकेटवर छापलेलं वाचून घ्या. तीन इन आणि एक आउट असेल तर स्विच, एक इन आणि दोन आउट असतील तर स्प्लिटर. काही डब्या दोन्ही दिशांनी चालतात, पण त्यांना सहसा दोनच फाटे असतात. तुम्हाला उपयोगाच्या नाहीत.

स्विच घेण्याआधी एचडीएमआयवरची गर्दी कमी करा. सगळंच त्यात कोंबायची गरज नाही.

डीव्हीडी प्लेअर कंपोनंटवर टाका. डीव्हीडीत मुळात ५७६ ओळींचंच चित्र असतं (अमेरिकी एनटीएससी पद्धतीची डिस्क असेल तर ४८०), त्यामुळे एचडीएमआय सोडल्याने डोळ्यांना फारसं काही कमी पडणार नाही. केबल मात्र खरी पाच पिनांची घ्या. या केबलला दोन लाल पिना असतात, एक चित्राची आणि एक आवाजाची, आणि घोळ नेमका तिथेच होतो. चांगल्या केबलमध्ये हिरवी-निळी-लाल एका जोडात आणि पांढरी-लाल वेगळ्या जोडात असते. सगळ्या एकत्र असतील तर चित्राच्या लाल पिनेला दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून खूण करा. अदलाबदल झाली तर चित्रातला लाल रंग बिघडतो आणि उजव्या स्पीकरमधून गुरगुर येते. अशी लक्षणं दिसली की सेटिंगमध्ये शिरू नका, आधी पिना बघा.

प्लेअरच्या मेनूत व्हिडिओ आउट ‘कंपोनंट’ किंवा ‘वाययूव्ही’ ठेवा. आरजीबीवर राहिलं तर रंग हिरवट किंवा जांभळट येतात. प्रोग्रेसिव्ह किंवा पी-स्कॅन चालू करायचं ते कंपोनंट केबल लावून चित्र आल्यानंतरच. आधीच चालू केलं तर पुष्कळ प्लेअरांचं एव्हीवरचं चित्र जातं आणि मेनूच दिसेनासा होतो.

लॅपटॉप व्हीजीएवर. आवाजासाठी ३.५ मिमी ते ३.५ मिमी केबल वेगळी लागते, ती शेजारच्या ऑडिओ इनमध्ये. रेझोल्युशन १३६०×७६८, ६० हर्ट्झ करून बघा. या काळातले बहुतेक टीव्ही व्हीजीएवर तेच घेतात. नाही घेतलं तर १०२४×७६८.

उरली तीनच उपकरणं: बॉक्स, स्टिक, प्लेस्टेशन. त्यासाठी तीन इनपुटांचा स्विच पुरतो. घेताना दोन गोष्टी बघा. पहिली, ५ व्होल्टचा अडॅप्टर लावायची सोय हवी. बिनअडॅप्टरचे स्विच उपकरणाच्या एचडीएमआयमधून येणाऱ्या ५ व्होल्टवर चालतात आणि त्या पिनेतून उपकरणाने निदान ५५ मिलिअँपिअर द्यावेत एवढीच नियमाची अट आहे. रिमोटचा सेन्सर आणि दिवे असलेल्या स्विचला तेवढ्यात ओढाताण होते. मग बॉक्स नीट चालतो आणि स्टिक मध्येच गायब होते, असले प्रकार सुरू होतात.

दुसरी, स्विचवर हाताने बदलायचं बटण किंवा रिमोट हवा. नुसता ऑटो स्विच घेऊ नका. ज्या सॉकेटवर ५ व्होल्ट दिसतील ते चालू, असा त्याचा हिशेब. स्टिक कधी बंदच होत नसते आणि बरेच सेट टॉप बॉक्स स्टँडबायमध्येही ते ५ व्होल्ट चालूच ठेवतात. मग ऑटोने ठरवायचं तरी कशावरून?

‘४के’ छापलेल्या स्विचसाठी जास्त पैसे घालू नका, तुमचं पॅनेल ७६८ ओळींचं आहे. १०८०पी लिहिलेला बास. जुन्या टीव्हीत एचडीसीपीची (कॉपी रोखणाऱ्या कुलपाची) १.x आवृत्ती असते आणि ४के साठी २.२ लागते, म्हणून काही बिघडेल अशी धास्ती नको. टीव्हीला काय झेपतं ते स्टिक विचारून घेते आणि तेवढंच चित्र पाठवते.

थ्रीपिन

वरच्यात थोडी भर. स्टिक थेट स्विचमध्ये खोचू नका. तिच्या जाडीमुळे शेजारचं सॉकेट अडतं आणि वजनाने सॉकेट सैल होतं. सोबत येणारी आखूड एक्स्टेंशन वापरा. रिमोट ब्लूटूथवर चालतो, त्यामुळे स्टिक टीव्हीच्या पत्र्यामागून बाहेर आली तर त्यालाही बरं. स्टिकचा वीजपुरवठा टीव्हीच्या यूएसबीतून घेऊ नका, तिथे साधारण अर्धाच अँपिअर मिळतो. सोबतचा अडॅप्टरच लावा, नाहीतर सुरू होता होता परत लोगोवर येत राहील.

टीव्हीत सीईसी, म्हणजे एचडीएमआयवरून उपकरणांनी एकमेकांना हुकूम द्यायची सोय, असेल (सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, सोनीत ब्राव्हिया सिंक, एलजीत सिंपलिंक अशा नावांनी असतं), तर स्विच लावल्यावर ते बंद करा. स्टिकमध्ये सेटिंग्ज, डिस्प्ले अँड साउंड्स, एचडीएमआय सीईसी डिव्हाइस कंट्रोल. नाहीतर स्टिक जागी झाली की टीव्हीला आपल्याकडे ओढू बघते आणि स्विच असतो भलत्याच सॉकेटवर. समोर काळा पडदा येतो आणि माणूस केबल बदलत बसतो.

केबल तीन लागतील: बॉक्स ते स्विच, प्लेस्टेशन ते स्विच, स्विच ते टीव्ही. दीड मीटरच्या, ‘हाय स्पीड’ लिहिलेल्या घ्या. पाच मीटरच्या पलीकडे साधी केबल नेऊ नये, आणि तुम्हाला लागणारही नाही.

पिवळी_पिन

ट्यूबच्या टीव्हीचं मी सांगतो.

स्टिकसाठी एचडीएमआय ते एव्ही कन्व्हर्टर घ्यायचा. दिशा नीट बघून घ्या. एव्ही ते एचडीएमआय ही वेगळी वस्तू आहे, डबी तशीच, किंमतही जवळपास तीच, आणि उलटी लावून चालत नाही. एचडीएमआयच्या बाजूला इनपुट लिहिलेलं असलं पाहिजे. एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगीत पिना अशी नुसती केबलही विकतात. ती घेऊ नका. आत चिप नसते, आणि डिजिटल सिग्नल तारेने ॲनालॉग होत नाही.

कन्व्हर्टरवर पाल / एनटीएससी असा छोटा खटका असतो (चित्राच्या दोन पद्धती, पाल आपल्याकडची), तो पालवर ठेवा. आपल्याकडचे बरेच टीव्ही दोन्ही घेतात, पण जुना संच असेल तर एनटीएससीवर चित्र कृष्णधवल दिसतं किंवा वर-खाली पळतं. त्याला ५ व्होल्ट, १ अँपिअरचा स्वतंत्र अडॅप्टर द्या. म्हणजे तिथे दोन अडॅप्टर होतील, एक स्टिकचा आणि एक कन्व्हर्टरचा.

चित्र येतं पण आवाज नाही, ही सर्वांत जास्त येणारी तक्रार. स्टिक डॉल्बी पाठवते आणि स्वस्त कन्व्हर्टरला फक्त दोन चॅनेलचं पीसीएम, म्हणजे साधा न दाबलेला आवाज, कळतो. स्टिकच्या डिस्प्ले अँड साउंड्समध्ये ऑडिओत जाऊन सराउंड साउंड पीसीएम किंवा स्टिरिओ करा, आवाज येईल.

तुमचा टीव्ही मोनो आहे, म्हणजे आवाजाचं एकच पांढरं सॉकेट. नुसती पांढरी पिन लावली तर डावा चॅनेलच ऐकू येईल. बातम्यांना चालतं, पण स्टिरिओ गाण्यातली काही वाद्यं नाहीशी होतात. दोन पिना तशाच एकत्र पिळू नका, दोन आउटपुट एकमेकांवर भार टाकतात. दोन्ही तारांच्या मधल्या वाहकात प्रत्येकी १ किलोओहमचा रेझिस्टर घालून मग ती टोकं एकत्र जोडा आणि टीव्हीच्या पांढऱ्या पिनेत न्या. पाव वॉटचे चालतात. महाराणी रोडला सुट्या पार्टांच्या दुकानात मिळतील, आणि जोडणी डागायला दहा मिनिटं पुरतात.

आता सेट टॉप बॉक्स. मागचं आणि बाजूचं एव्ही स्वतंत्र आहेत का ते आधी तपासा. रिमोटवर एव्ही १ आणि एव्ही २ असे दोन येत असतील तर बॉक्स मागे आणि स्टिकचा कन्व्हर्टर बाजूला, काम संपलं. एकच ‘एव्ही’ येत असेल तर ती दोन्ही सॉकेट आतून एकाच तारेवर असतात. दोन्हीकडे एकदम काही लावलं तर चित्र अंधारतं किंवा दोन चित्रं एकमेकांवर तरंगतात. अशा वेळी दाबायच्या बटणांचा साधा एव्ही सिलेक्टर घ्या, तीन इन एक आउट. त्याला वीज लागत नाही, आणि बिघडण्यासारखं आत बटणांशिवाय काही नसतं.

पुढे कधी त्या खोलीत दोन एचडीएमआय उपकरणं आली तर दोन कन्व्हर्टर घेऊ नका. आधी एचडीएमआय स्विच, त्याच्या आउटला एकच कन्व्हर्टर, मग टीव्ही.

एक अपेक्षा आधीच सांगून ठेवा: ट्यूबवर सिनेमा, मालिका, क्रिकेट छान दिसेल, पण स्टिकचा बारीक मजकूर फुटलेला दिसेल. पासवर्ड टाकणं, ॲप घेणं वगैरे सगळं आधी एलसीडीवर उरकून मगच स्टिक त्या खोलीत न्या.

सुदामानगरवाला

मंडळी, खूप आभार. सामान आणलं. रिमोटवाला तीन इनपुटांचा स्विच, तीन केबल, कंपोनंट केबल, कन्व्हर्टर. डीव्हीडी आणि लॅपटॉप लागले, स्टिकही छान चालतेय. बाजूच्या खोलीत एव्ही १ आणि २ वेगळे निघाले, त्यामुळे सिलेक्टर लागला नाही.

अडचणी तीन. (१) सेट टॉप बॉक्सचं चित्र मध्येच दोन-तीन सेकंद काळं होतं आणि आपोआप परत येतं. (२) प्लेस्टेशनचा दिवा हिरवा होतो पण स्क्रीन काळी. (३) केबल लावताना पिनेच्या धातूला बोट लागलं की बारीक झिणझिण्या येतात. तिसरीची जास्त काळजी वाटते.

थ्रीपिन

तिसरं आधी, आणि ते होईपर्यंत चालू उपकरणांना एचडीएमआय काढ-घाल करू नका.

दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये खरखर गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग मिळालं नाही तर त्यांच्यामुळे उपकरणाच्या धातूच्या भागावर २३० च्या साधारण निम्मं व्होल्टेज तरंगत राहतं. करंट अगदी थोडा असतो, म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात. पण एचडीएमआय जोडताना तोच करंट डेटाच्या बारीक पिनांतून गेला तर पोर्ट उडतं. तुमच्याकडे पोर्ट एकच आहे.

टीव्हीचा प्लग तीन पिनांचा आहे का, आणि तो थ्री-पिन-ते-टू-पिन लावून बोर्डात घातलाय का, हे बघा. तसं असेल तर टीव्हीचं अर्थिंग तुटलेलं आहे. स्वस्त एक्स्टेंशन बोर्डांत अर्थचं भोक नुसतं दिसायला असतं, आत पट्टीच नसते. इलेक्ट्रिशियनला बोलावून भिंतीच्या सॉकेटवर मल्टिमीटरने मोजून घ्या: फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ हे दोन्ही आकडे जवळपास सारखे हवेत, न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्टच्या आत. फेज-अर्थ खूप कमी दाखवत असेल किंवा आकडा हलत असेल तर अर्थिंग नाही. टेस्टरच्या दिव्यावरून हे कळत नाही. आणि न्यूट्रललाच अर्थ जोडून देतो असं कोणी म्हणालं तर त्याला तिथेच थांबवा. न्यूट्रल कुठे तुटली की सगळ्या उपकरणांच्या पत्र्यावर फेज येतो, जीव जाऊ शकतो.

बॉक्सला गच्चीवरच्या डिशची केबलही येते. तिची बाहेरची जाळी पाइपातून, ओल्या भिंतीतून कुठेतरी जमिनीला लागलेली असते, म्हणून फरक सर्वांत जास्त तिथेच जाणवतो. यापुढे क्रम असा ठेवा: मेन बटणं बंद, डिशची केबल सोडवा, एचडीएमआय जोडा, डिशची केबल परत, मग वीज. पावसाळ्यात गडगडाट सुरू झाला की डिशची केबल बॉक्समधून काढून ठेवणं बरं. स्पाइक गार्ड विजेच्या वायरीला असतो, डिशच्या केबलला नाही.

मालव_तंत्री

प्लेस्टेशनचं सोपं आहे. ते आधीच्या टीव्हीची किंवा दुसऱ्या केबलची सेटिंग धरून बसलंय. पूर्ण बंद करा, दिवा लाल राहू द्या. मग पॉवर बटण दाबून धरा. पहिली बीप लगेच येते, साधारण पाच सेकंदांनी दुसरी येते, तेव्हा सोडा. चित्राची सेटिंग परत पहिल्यापासून होईल. स्विच त्याच सॉकेटवर ठेवून हे करा. स्टिकवर कधी असं झालं तर रिमोटची वरच्या बाणाची आणि रिवाइंडची कळ दहा सेकंद एकत्र धरायची, ती एकेक रेझोल्युशन दाखवत जाते, दिसलं की निवडायचं.

बॉक्सचं काळं होणं तीन कारणांनी होतं आणि वेगळं काढायला क्रम लागतो. स्विच बाजूला ठेवून तीच केबल बॉक्समधून थेट टीव्हीत लावा आणि तासभर बघा. तरीही काळं होत असेल तर केबल किंवा बॉक्स. केबल बदलून तपासा. थेट नीट चालत असेल तर स्विचला ५ व्होल्टचा अडॅप्टर खरोखर लावलाय ना बघा. रिमोटवाल्या स्विचसोबत बरेचदा नुसती यूएसबी केबल येते आणि ती टीव्हीच्या यूएसबीत खोचली जाते.

दोन्ही ठीक असेल तर बॉक्सच्या मेनूत १०८०पी असेल ते काढून १०८०आय किंवा ७२०पी करा. १०८०पी, ५० किंवा ६० फ्रेमला पिक्सेल क्लॉक (ठिपके पाठवायचा वेग) १४८.५ मेगाहर्ट्झ लागतो, ७२०पी आणि १०८०आयला ७४.२५. म्हणजे केबल आणि स्विचवरचा ताण थेट निम्मा होतो, आणि तुमच्या ७६८ ओळींच्या पॅनेलवर फरक दिसत नाही. ‘ऑटो’ किंवा ‘नेटिव्ह’ असेल तर तेही बंद करा. चॅनेल एसडीतून एचडीत गेला की प्रत्येक वेळी टीव्हीशी नव्याने बोलणी होतात आणि तेवढा वेळ पडदा काळा राहतो.

आणखी एक बघा. कूलर किंवा फ्रिज चालू-बंद होतो त्याच क्षणी काळं होतंय का? होत असेल तर तो वीजवाहिनीवरचा झटका आहे. कूलरचं बटण मुद्दाम चार-पाच वेळा दाबून बघा, लगेच कळेल. मग टीव्हीचा बोर्ड कूलरच्या बोर्डापासून वेगळा करा आणि एचडीएमआयची केबल विजेच्या वायरींना समांतर बांधू नका.

नवीन_सभासद_मल्हारगंज

यातच विचारतो. आमच्या टीव्हीला एव्हीसुद्धा नाही, फक्त अँटेनाचं सॉकेट आहे. काही होऊ शकतं का?

पिवळी_पिन

होतं. मध्ये आरएफ मॉड्युलेटर घालायचा, म्हणजे एव्हीचं चित्र अँटेनाच्या चॅनेलमध्ये बदलणारी डबी. उपकरणाचं एव्ही त्यात, त्याचं आउट अँटेनाच्या सॉकेटमध्ये, आणि टीव्हीवर त्याचा चॅनेल शोधून साठवायचा. घेताना पाल बी/जी लिहिलेला बघा, त्यात चित्र आणि आवाज यांत ५.५ मेगाहर्ट्झचं अंतर असतं. एनटीएससीचा घेतला तर ते अंतर ४.५ असतं, म्हणून चित्र आलं तरी आवाजाच्या जागी खरखर येईल. जुना व्हीसीआर पडून असेल तर त्याच्या एव्ही इन आणि आरएफ आउटनेही काम होतं, पण डीव्हीडी त्यातून नेली तर कॉपीविरोधी संकेतामुळे चित्र उजळतं-मंदावतं राहतं. तो व्हीसीआरचा बिघाड नसतो.

सुदामानगरवाला

अपडेट देतो. बोर्डात अर्थची पट्टीच नव्हती. भिंतीच्या सॉकेटला अर्थिंग आहे, तिथून नवीन बोर्ड घेतला, झिणझिण्या थांबल्या. प्लेस्टेशन दोन बीपनी आलं. बॉक्स ऑटोवर होता, १०८०आय केल्यापासून काळं होत नाही.

शेवटचं एक. ट्यूबच्या टीव्हीवर स्टिकचं चित्र चारी बाजूंनी कापलं जातंय, खालची सबटायटल अर्धी दिसतात. आणि चेहरे उभट, लांबुळके दिसतात.

पिवळी_पिन

कापलं जाणं म्हणजे ओव्हरस्कॅन. ट्यूबचे टीव्ही कडा झाकायला चित्र थोडं मोठं करून दाखवतात. स्टिकमध्ये सेटिंग्ज, डिस्प्ले अँड साउंड्स, डिस्प्ले, कॅलिब्रेट डिस्प्ले. तिथे कोपऱ्यातले बाण पूर्ण दिसेपर्यंत चित्र आत घ्या. काही ॲपचा व्हिडिओ या सेटिंगला जुमानत नाही, तिथे सबटायटलचा आकार लहान करून बघा.

उभट चेहऱ्यांचं कारण, कन्व्हर्टर १६:९ चं चित्र ४:३ मध्ये दाबून बसवतो. टीव्हीच्या रिमोटवर १६:९ किंवा वाइड असेल तर ते लावा, वर-खाली काळ्या पट्ट्या येतील आणि चेहरे सरळ होतील. ते बटण नसेल तर कन्व्हर्टरवर पालच्या शेजारी दुसरा खटका आहे का बघा. काहींमध्ये तो ४:३ / १६:९ चा असतो, पण काहींमध्ये ७२०पी / १०८०पी चा, त्याने आकारात फरक पडत नाही. दोन्ही नसेल तर टीव्हीच्या सर्व्हिस मेनूत उभा आकार कमी करता येतो, पण तो आकार सेट टॉप बॉक्सलाही लागू होतो. तुमच्या बॉक्सचे चॅनेल ४:३ मध्ये येत असतील तर ते चपटे दिसू लागतील, म्हणून तिकडे न वळलेलं बरं.